दोन शेळ्यांवर घरातलं कोण मागं राहू शकतं? बालाघाटातल्या एका ऊसतोड घराचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूर आणि वडवणीच्या दरम्यान हे घर आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. एका घराची हकिकत म्हणून सांगतोय, पण त्यातले तपशील त्या पट्ट्यातल्या अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टींतून जुळवले आहेत आणि घरखर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. सरकारी योजना, दर आणि सणाच्या तारखा मात्र जशा आहेत तशाच.

घरात सहा माणसं. नवरा-बायको, तीन लेकरं आणि नवऱ्याची आई. दीड एकर हलकी कोरडवाहू जमीन. त्यात एक साल कापूस, एक साल सोयाबीन, आणि बांधाच्या कडेनं तूर. विहीर नाही. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाचा, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रॅक्टर दारात येतो, आणि भांडी, अंथरुणं, पत्रे, पीठ ट्रॉलीत भरून माणसं सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर बेळगावच्या बाजूला निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायचं. ते गुढीपाडव्याच्या आगेमागे होतं. शाळेच्या भाषेत बोलायचं तर दुसरं सत्र सगळंच बुडतं.

2023 च्या जूनमध्ये थोरली मुलगी सातवीत गेली, मधला मुलगा चौथीत, धाकटा तीन वर्षांचा. त्याआधीचे दोन हंगाम सगळं घर एकत्र गेलं होतं. पहाटे अंधारात आईबाप उसाच्या फडात गेले की कोपीवरची, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीतली, घरधनीण ही थोरलीच. पाणी आणायचं, भाकरी करायच्या, धाकट्याला सांभाळायचं. मुलगा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून मोळ्या बांधायचा. त्याचे सुटे पैसे मिळायचे. शाळेनं दोघांचं नाव पटावरून काढलं नव्हतं, त्यामुळे कागदावर ही लेकरं शाळेतच होती. परीक्षेच्या सुमाराला गावात यायची, पेपर द्यायची आणि पुढच्या वर्गात जायची. सातवीत बसलेल्या मुलीला तीन अंकी भागाकार जमत नव्हता. तिचे गुरुजी म्हणाले तसं, ती शाळेत आहे, फक्त वर्गात नाही.

सरकारनं या लेकरांसाठी काहीच केलेलं नाही असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरू गावातच आजी, काकू, मामा अशा नातेवाइकाकडं राहतं आणि जेवण वसतिगृहातून मिळतं. 2021 पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे: 10 जिल्हे, 41 तालुके, 82 वसतिगृहं. पण हंगामी वसतिगृह अनेकदा टोळ्या निघून गेल्यावर सुरू होतं. टोळी गेली म्हणजे लेकरूही गेलं. नंतर ताट वाढून काय उपयोग? शिवाय जेवण मिळालं तरी रात्री कुणाच्या घरी निजायचं, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, हे प्रश्न उरतातच. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर पहिला प्रश्न हाच असतो.

या घरात आजी होती. साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी, पण चालती-फिरती. मग लेकरं तिच्याजवळ का ठेवली नाहीत? बाहेरून आलेला माणूस हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो आणि 'पालकांमध्ये जागृती नाही' असं उत्तर लिहून मोकळा होतो. जागृती होती. आजीच्या हातात मात्र पैसा नव्हता. उचल, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम, मिळते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तोवर तिचे वाटे ठरून गेलेले असतात. मागच्या वर्षीची बाकी, सावकाराचं व्याज, किराणा दुकानाची उधारी, एखाद्या लग्नाचा आहेर. आजीच्या हाती गहू-ज्वारी आणि दोन-तीन हजार रुपये ठेवून पाच-सहा महिन्यांसाठी निघायचं, त्यात दोन लेकरं तिच्या पदरात टाकायची, याला कुठल्याही आईचा धीर होत नाही. कोपीवर निदान लेकरू डोळ्यासमोर असतं.

शेळ्या आल्या त्या या जागी.

गावात काम करणाऱ्या एका लहान संस्थेनं महिला बचत गटामार्फत पाच घरांना दोन-दोन उस्मानाबादी शेळ्या दिल्या. मे 2023. दोन्ही गाभण. अट एकच लिहिलेली होती: पहिल्या वेताची एक पाट, म्हणजे मादी करडू, गटाला परत द्यायची, म्हणजे ती सहाव्या घराला जाईल. ही पद्धत गावाला नवी वाटली नाही. अर्धलीनं शेळी सांभाळायला देणं इकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतं: जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, करडं निम्मी-निम्मी. फरक इतकाच की इथं मालक सावकार नव्हता, गट होता, आणि एका पाटीत व्यवहार फिटत होता.

उस्मानाबादी निवडण्यात चूक काढायला जागा नाही. ही शेळी याच पट्ट्यातली, धाराशिव-लातूर-सोलापूरकडची. बाभळीच्या शेंगा, बोराटी, तुरीचं भुसकट असं मिळेल त्यावर निभावते. पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं घेता येतात. मटणाला मागणी आहे आणि विकायला लांब जावं लागत नाही; नेकनूरचा बाजार आहे, हिरापूरचा आहे. गाय-म्हशीचं तसं नाही. म्हैस भाकड राहिली की घर बसतं, आणि पाण्याचा खर्च वेगळा. दुष्काळी गावात दहा हजारांची गरज पडली म्हणून म्हैस अर्धी विकता येत नाही. एक बोकड विकता येतो.

आता हिशोब, कारण अशा प्रकल्पांच्या अहवालात सगळ्यात जास्त फुगवतात तो हाच भाग.

दोन शेळ्यांची वर्षाला सरासरी तीन वेतं धरा. प्रत्येक वेताला दीड करडू, म्हणजे चार-साडेचार करडं. त्यातलं एखादं जाणारच. उरलेल्या तीन-साडेतीनात निम्मे बोकड. सहा-सात महिन्यांचा बोकड पाच-सहा हजारांना जातो. जास्तीच्या पाटी विकल्या तरी वर्षाला पंधरा-सोळा हजारांच्या वर हात पोचत नाही, आणि पहिल्या वर्षी तेवढाही नाही. आता कोयता बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनामागे 366 रुपयांवर आला. जोडीनं दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि चार महिने हात चालला तर अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास होतात, आणि त्यातली मोठी रक्कम उचल म्हणून आधीच हातात आलेली असते.

तेव्हा दोन शेळ्या दिल्यानं स्थलांतर थांबतं असं ज्या पत्रकात लिहिलेलं असेल, ते पत्रक बाजूला ठेवावं. पंधरा हजार ही अठ्ठ्याऐंशी हजारांची जागा घेऊ शकत नाही. पण आजीला दोन लेकरं घेऊन गावात सहा महिने काढायला महिन्याला अडीच-तीन हजार पुरतात. धान्य घरचं किंवा रेशनचं, आणि हंगामी वसतिगृह सुरू झालं तर दोघांच्या जेवणाचा भार आणखी हलका. गुणाकार करून बघितलं की आकडा शेळ्यांच्या उत्पन्नाशी बरोबर येऊन भिडतो. दोन शेळ्यांत आईबाप मागं राहू शकत नाहीत, आजी राहू शकते, आणि आजी राहिली की लेकरं राहतात. प्रकल्पाच्या कागदांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पाचपैकी दोन घरं अशी निवडली गेली जिथं मागं राहायला कुणी म्हातारं माणूसच नव्हतं. त्या घरांच्या शेळ्या दसऱ्याला शेजाऱ्याकडं अर्धलीनं गेल्या आणि लेकरं ट्रॉलीत बसली.

या घरातली काळी शेळी जूनच्या पहिल्या आठवड्यात व्याली. एक बोकड, एक पाट. दुसरी सप्टेंबरात, दोन करडं, त्यातलं एक आठवड्यात गेलं. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता. पुढं राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूर, वडवणी आणि अंबाजोगाई होते. सप्टेंबरात उशिरा पाऊस आला आणि कोवळं गवत एकदम फुटलं. उपाशी जनावर अशा गवतावर तुटून पडतं, आणि आंत्रविषार हा आतड्यांचा रोग नेमका तेव्हाच येतो. त्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची असते. गावातल्या पशुसखीनं, म्हणजे जनावरांचे साधे उपचार शिकलेल्या बाईनं, शेळ्यांना मे महिन्यातच ती दिली होती, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाचीही दिली होती, म्हणून मोठी जनावरं वाचली. पाच घरांतल्या दहा शेळ्यांपैकी त्या वर्षी एकही मेली नाही. याचं श्रेय शेळ्यांच्या जातीइतकंच त्या बाईला आहे. सरकारी जनावरांचा दवाखाना गावापासून लांब. डॉक्टर येईपर्यंत करडू थंड पडतं. जंताचं औषध, पोटफुगीवर गोडेतेल, खूर कापणं, कानातला बिल्ला बसवून विम्याचा कागद भरून घेणं ही कामं तीच करते.

दिवाळीनंतर आईबाप गेले. या वेळी धाकटा तेवढा सोबत गेला. थोरली आणि मधला आजीजवळ राहिले. नोव्हेंबरात दोघांची हजेरी भरलेली. संस्थेच्या माणसानं फोटो काढला: आजी, दोन लेकरं गणवेशात, दोन शेळ्या, तीन करडं. प्रकल्प यशस्वी.

डिसेंबरच्या शेवटी गुरुजींनी हजेरीपत्रक चाळलं. मुलगा रोज येत होता. मुलगी आठवड्याला दोन दिवस, कधी तीन.

कारण विचारायलाही नको होतं. शेळ्या चारायला कोण नेणार? आजीला सकाळचं दळण, स्वयंपाक, पाणी झेपत होतं. डोंगराच्या उतारावर शेळ्यांमागं चार तास फिरणं झेपत नव्हतं. दुष्काळामुळे जवळपासचं रान सप्टेंबरच्या त्या गवतासकट संपलेलं, म्हणजे शेळ्या आणखी लांब न्याव्या लागत होत्या. मुलाला नेलं असतं तर तो खेळत बसला असता आणि शेळ्या कुणाच्या तुरीत शिरल्या असत्या. भांडण कोण निस्तरणार? मुलगी शहाणी. म्हणून मुलगी.

ज्या शेळ्यांनी तिला कोपीवरून परत आणलं, त्यांनीच तिला वर्गातून बाहेर काढलं. मुलाच्या शाळेची किंमत तिच्या शाळेनं भागवली जात होती. घरात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. हे काम पोरींचंच अशी रीत पडलेली आणि ती कुणी मोडली नव्हती. शेळीपालनाच्या कुठल्याही माहितीपत्रकात गोठ्याची लांबी-रुंदी असते, खुराकाचे ग्रॅम असतात, लसींचं वेळापत्रक असतं. राखण कोण करणार आणि तिची मजुरी किती, हा रकाना नसतो. फुकटात मिळणारी मजुरी रकान्यात कशाला येईल? बहुतेक घरांत ती एखाद्या लेकराची असते.

गुरुजींनी गटाच्या बैठकीत विषय काढला. पहिला तोडगा कुणीतरी सुचवला तो असा की ज्या घरातलं लेकरू शाळेत येत नाही त्याची शेळी काढून घ्यायची. ऐकायला कडक, आणि निरुपयोगी. शेळी काढली की जानेवारीत मुलगी पुन्हा फडावर. आजी त्या बैठकीत एकच वाक्य बोलली, "शेळी नेता तर न्या, पर मंग पोरगीबी तुम्हीच संभाळा."

मार्ग निघाला तो जुनाच. गावात एक म्हातारा पूर्वी गावची गुरं राखायचा. ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि त्याचं काम सुटलं. पाच घरांच्या शेळ्या एकत्र करून त्याच्याकडं द्यायच्या, दर शेळीमागं महिन्याला शंभर रुपये, करडांचे पैसे नाहीत. या घराचे महिन्याला दोनशे. पहिले तीन महिने गटानं आपल्या बचतीतून भरले. सकाळी शेळ्या बांधूनच ठेवायच्या, तुरीचं भुसकट आणि बाभळीच्या शेंगा टाकायच्या. दहाच्या सुमाराला म्हातारा घेऊन जाणार, तीनला परत. संध्याकाळी मुलगी शाळेतून आली की पाणी दाखवायचं आणि बांधावरची शेवरी तोडून टाकायची. तेवढं काम तिच्याकडं राहिलं. ते अर्ध्या तासाचं आहे, आणि खरं सांगायचं तर तिला आवडायचंही.

जानेवारीत तिची हजेरी पुन्हा भरली. तीन आठवडे.

मग फोन आला. फडावर आईला ताप, सलाईन लावली, चार दिवस खाडा. मुकादमाकडं आणखी पैसे मागितले की उचल वाढते आणि पुढच्या हंगामाचा गळफास बसतो, हे बापाला पक्कं ठाऊक. म्हणून त्यानं आजीला फोन करून सांगितलं की एक शेळी विकून पैसे पाठव. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यात गैर काही नव्हतं. अडीनडीला विकता यावी म्हणून तर शेळी असते. पण काळी शेळी तेव्हा पुन्हा गाभण होती, आणि गावात फिरणाऱ्या हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, तिला साडेपाच हजार सांगितले. सरकारी योजनेत उस्मानाबादी शेळीची किंमत 8,000 रुपये धरलेली आहे. गाभण शेळी, घाईचा विकणारा आणि जानेवारीचा महिना. हेड्याला यापेक्षा चांगली संधी कुठली? शिवाय तो वजन करत नाही. पाठीवर हात फिरवतो, उचलून बघतो, आकडा सांगतो.

इथं आजीनं जे केलं ते प्रकल्पानं शिकवलेलं नव्हतं. तिनं शेळी ठेवली, सप्टेंबरातला चार महिन्यांचा बोकड शेजाऱ्याबरोबर बाजारला पाठवला, आणि काट्यावर वजन करून मगच द्यायचा असं बजावलं. त्याचे साडेतीन हजार आले. दोन हजार गटातून कर्जाऊ काढले. साडेपाच हजार पुरे झाले आणि पैसे फडावर गेले. बोकड आणखी तीन महिने ठेवला असता तर दोन हजार जास्त आले असते, हे खरं. पण वेत वाचलं. ज्यांच्या पोटाला उद्याची खात्री नसते ते भांडवल आधी खातात असं तज्ज्ञ म्हणतात. आजीनं व्याज खाल्लं, भांडवल ठेवलं. अर्थात गटाचे दोन हजार मिळाले म्हणून. दोन हजारांची ती सोय नसती तर सगळ्या शहाणपणासकट शेळी गेलीच असती. शेळ्या देणाऱ्यांनी सोबत गटात अडीअडचणीचे थोडे पैसे ठेवावेत, असं मला या प्रकरणावरून ठामपणे वाटतं. पाच घरांमागं वीस-पंचवीस हजार खूप झाले. एका जादा शेळीपेक्षा त्या पैशांनी जास्त शेळ्या वाचतात.

पाडव्याला आईबाप आले. मुलगी सातवीची परीक्षा वर्ष भरून दिलेली अशी पहिल्यांदाच. निकालाची फुशारकी मारण्यासारखं काही नाही. गणित अजून कच्चं आहे, मागचे दोन हंगाम कुठून भरून येणार? पण ती वाचायला लागली आहे, रेशनच्या कार्डापासून दवाखान्याच्या कागदापर्यंत.

जूनमधला बोकड अजून दावणीला होता, आणि आता त्याची वेळ आली. 2024 ची बकरी ईद 17 जूनला होती. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पुरं झालेलं लागतं, अंगानं धड लागतो. हा जूनच्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे वर्ष नुकतंच भरलेलं. तिसाच्या आसपास किलो वजन. साडेबारा हजार आले. शाळा 15 जूनला उघडणार होती, म्हणजे पैसा हातात आला तो वह्या-पुस्तकं, गणवेश, चप्पल या खर्चाच्या बरोबर तोंडावर. असा मेळ क्वचित बसतो. एरवी जून म्हणजे बियाणं, खत आणि शाळा तिन्ही एकत्र, आणि त्यात शाळा शेवटी.

या साडेबारा हजारांवरून घरात चार दिवस धुसफुस झाली. बापाचं म्हणणं, मुकादमाची बाकी फेडू, म्हणजे औंदा उचल जास्त मागता येईल. आईचं म्हणणं, गटाचं कर्ज आधी, मग पोरीची आठवी. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला सहा किलोमीटरवर जायचं. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही आहेत, पण त्या फाट्यावर थांबतात आणि फाटा घरापासून दीड किलोमीटर. शेवटी तडजोड झाली: दोन हजार गटाला, चार हजार मुकादमाला, बाकीचं शाळा आणि बियाण्याला. मुलगी फाट्यापर्यंत चालत जाते, शेजारच्या दोघींबरोबर. त्या दोघी नसत्या तर गेली असती का, सांगता येत नाही.

पाट गटाला परत गेली एप्रिलमध्ये. घराला ती द्यायची नव्हती, कारण चांगली वाढली होती आणि माजावर येण्याच्या बेतात होती. गटानं आग्रह धरला. ती गेली एका एकट्या बाईच्या घरी, तिची मुलगी नववीत. या वेळी शेळी देताना गटानं अर्जात दोन प्रश्न वाढवले होते. ऊसतोडीच्या दिवसांत घरात कोण राहणार? शेळी कोण राखणार? दुसऱ्या प्रश्नाला 'मुलगी' असं उत्तर आलं तर शेळी नाकारायची नाही. राखणीचे पैसे कुठून येतील ते आधी ठरवायचं. प्रकल्पाचा आढावाही बदलला. पूर्वी विचारायचे, शेळ्या किती, करडं किती, मेली किती. आता दर महिन्याला हजेरीपत्रकातून मुलीची हजेरी वेगळी आणि मुलाची वेगळी उतरवून घेतात. गुरुजींना पाच मिनिटांचं काम. हाच एक आकडा जून 2023 पासून ठेवला असता तर डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं नसतं.

दुसऱ्या हंगामात, 2024-25 मध्ये, धाकटाही आजीजवळ राहिला, अंगणवाडीत जातो. शेळ्या आता चार. राखणारा म्हातारा मात्र आजारी पडला आणि डिसेंबरातच काम सोडलं. त्याच्या जागी दुसरं कुणी मिळालं नाही, शंभर रुपयांत मिळणारही नव्हतं. मधला मुलगा शनिवारची सकाळची शाळा सुटली की आणि रविवारी शेळ्या नेतो, बाकीचे दिवस बांधून खायला घालतात. त्या वर्षी पाऊस बरा झाला, सोयाबीनचं आणि तुरीचं भुसकट घरचं होतं, म्हणून जमलं. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा आणि किलोभर सुका चारा लागतो. चार शेळ्यांना बांधून सांभाळायचं तर बांधावरची शेवरी पुरत नाही. सुबाभूळ आणि हादगा लावायला हवा. तो लावला आहे. पण दुष्काळाच्या सालात ही व्यवस्था टिकेल असं मी म्हणणार नाही.

आता आईच्या मनात वेगळंच आहे. तिला घरी राहायचंय. अडचण अशी की कोयता जोडीचा असतो. बाई मागं राहिली की गडी अर्धा कोयता होतो. मुकादम अर्ध्या कोयत्याला नाखूश असतो, आणि घेतलं तरी उचल निम्मी. म्हणजे आईला घरी ठेवायचं तर शेळ्यांनी वर्षाला चव्वेचाळीस हजार तरी दिले पाहिजेत. वरच्याच हिशोबानं बघितलं तर दोन शेळ्यांना पंधरा हजार, मग सहा शेळ्या लागतात. मर, चारा, राखण धरली तर आठ-दहा. सरकारची गटवाटप योजना नेमकी दहा शेळ्या आणि एका बोकडाची आहे. अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान, इतरांना 50. हे घर दुसऱ्या गटात येतं. उस्मानाबादीच्या गटाची किंमत लाखाच्या वर, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त स्वतःचे घालायचे. बँकेचं कर्ज घेता येतं, पण मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या माणसाला बँकेत जामीन कोण राहणार?

आणि दहा शेळ्या म्हणजे राखण हे पूर्ण दिवसाचं काम. आई घरी असेल तर ती करील. आई आणि दहा शेळ्या एकदम आल्या तर मुलीची शाळा पक्की होते. शेळ्या आधी आल्या आणि आई फडावर राहिली, तर दहावीच्या आधीच मुलगी रानात. म्हणून घरानं अर्ज केलेला नाही. चाराच्या सहा करायच्या, मग बघायचं, असं ठरलंय. संस्थेच्या माणसाला हा उशीर पटत नाही. मला पटतो.

एक बारीक गोष्ट आजीनं आत्ताच धरली आहे. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. 2025 मध्ये ती 7 जूनला, 2026 मध्ये मेच्या अखेरीस. म्हणजे त्या ईदेला वर्षाचा बोकड हवा असेल तर तो आदल्या मेच्या आत जन्मायला हवा, आणि त्यासाठी शेळी डिसेंबराच्या सुमाराला बोकडाला दाखवायला हवी. डिसेंबरात लेक-सून फडावर असतात. शेळी शेपटी हलवायला लागली, ओरडायला लागली की ते ओळखणं आणि गावातल्या चांगल्या बोकडाकडं वेळेत नेणं हे काम आजीचं. 2024 च्या डिसेंबरात तिनं दोन शेळ्या नेऊन आणल्या. एक गाभण राहिली, एक उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली.